मैत्रिणीचा समुद्र, माझा तलाव

एम.एस्सी.ला आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. पुढे तिला परदेशात समुद्रकाठी काम मिळालं. तिथे झाडांएवढं उंच वाढणारं शेवाळ असतं, केल्प म्हणतात त्याला. ऋतूंप्रमाणे त्याचं रान कुठे दाटलं, कुठे विरळ झालं, हे ती बोटीतून फिरून नोंदवते. मी दारव्ह्याला कॉलेजात शिकवते आणि सात वर्षांपासून जवळच्या तलावातलं शेवाळ मोजते. बांबूची चौकट पाण्यावर टाकायची, आत काय उगवलंय ते वहीत लिहायचं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात काही दिसत नाही, थंडीत तळ हिरवागार होतो, एप्रिलात नुसता चिखल.

तिचे पाण्याखालचे फोटो यायचे. मी ‘मस्त’ लिहायची आणि दिवसभर विद्यार्थ्यांवर चिडायची.

एका डिसेंबरात ती माहेरी आली, तलाव दाखव म्हणाली. मी सांगितलं, यंदा काही उगवलंच नाही, कशाला येतेस. खरं तर त्याच आठवड्यात शेवाळ सगळ्यात दाट होतं.

रविवारी तलावावर गेले, तर डोंग्यात ती बसलेली. मला दर महिन्याला फिरवणारे मासेमार काका वल्हवत होते आणि एकेका शेवाळाचं गावातलं नाव तिला सांगत होते. मला त्यांनी ती नावं कधी सांगितली नव्हती. मी कधी विचारलीही नव्हती म्हणा.

काका गेल्यावर तिने विचारलं, “माह्याशी खोटं काहून बोलली?”

“तुले समुद्र भेटला,” मी म्हटलं. “हा तलाव तरी मले राहू दे.”

ती बराच वेळ पायाचा चिखल धूत राहिली. मग म्हणाली की गेल्या उन्हाळ्यात तिकडचं पाणी तापलं, तिच्या किनाऱ्यावरचं बरंचसं केल्प मेलं. मला पाठवलेले फोटो जुने होते.

मला वाईट वाटलं. त्याआधी क्षणभर बरं वाटलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. पिशवीतली वही काढून तिच्या हाती दिली. काठावर बसून तिने सातही वर्षं वाचली. एका पानावर थांबून तिने हळूच म्हटलं, “इथं मोजणी चुकली वाटते.”

चुकलीच होती. मी वही मागून घेतली आणि तिच्यासमोरच आकडा दुरुस्त केला. पेन जरा जास्तच जोरात दाबलं गेलं.