पालथ्या कपबशीची संस्था

आमच्या दूध संस्थेच्या नोंदणीचे सर्व कागद मी लिहिले. अर्ज माझ्या हस्ताक्षरात, इतिवृत्त माझ्या हस्ताक्षरात; निबंधक कार्यालयाच्या साहेबांनी त्यातला एकही शब्द खोडला नाही, हेही नमूद करते. नव्वदच्या दशकात मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरी म्हैस नव्हती, म्हणजे मी कोणाच्याच बाजूची नव्हते. म्हणून लेखणी माझ्या हाती आली. इतिवृत्तात ठराव तेवढे लिहायचे असतात. उरलेले सगळे लिहिणाऱ्याच्या डोक्यात साठते आणि दर वर्षी वाढतच जाते!

* * *

संस्था तशी नऊ वर्षे चालूच होती. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. दोन्ही तीरांवरचे दूध एकत्र होऊन टेम्पोने जायचे. कागद एकही नव्हता, पण सभेची रीत पक्की होती. विषय निघाला की सभासद कौसाबाई चहा आणायच्या. ज्याला मान्य, त्याने चहा घ्यायचा. ज्याला अमान्य, त्याने कपबशी पालथी घालायची. चहा संपला की सभा संपली.

अध्यक्ष आबांना मी विचारले, "हे लिहून कुठे ठेवता?"

"लिवायचं कशाला, बाई? पालथी घालणाऱ्याला गाव वरीसभर इसरत न्हाई!"

* * *

नोंदणीची वेळ आणली ती उन्हाळ्याने. दूध वाटेतच नासायचे. कौसाबाईंच्या चार म्हशींचे संध्याकाळचे दूध तर आठवड्यातून दोनदा परत यायचे. दूध थंड करण्याची टाकी मिळणार होती. पण ती नोंदलेल्या संस्थेलाच, आणि महिनाअखेरपर्यंत कागद झाले नाहीत तर दुसऱ्या गावाला!

आम्ही शिरूरच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाले, "यात दौंडची गावं आहेत. दौंडला जा." दौंडचे कारकून म्हणाले, "कार्यालय शिरूर तालुक्यात दिसतंय. शिरूरला जा."

आबा म्हणाले, "सायेब, आमच्या म्हशी उन्हाळ्यात रोज नदी वलांडत्यात. त्यांना कुनी तालुका इचारत न्हाई!"

शेवटी पुणे गाठले. पुण्याने शिरूरला पाठवले. शिरूरच्या त्याच कारकुनांनी अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाले, "अहो, मग आधीच इकडं यायचं ना!"

* * *

अर्जाला संस्थेचा पूर्वेतिहास जोडायचा होता. आबा सांगू लागले, "आमची चंद्री म्हैस तवा इतकं दूध द्याया लागली, का घरात मावंना. मंग शेजाऱ्याचं बी घेतलं आन् टेम्पो लावला. चंद्रीनंच संस्था काढली म्हना की."

मी लिहिले : ‘अतिरिक्त दुग्धोत्पादनामुळे संस्थेची आवश्यकता भासली.’

आबा हिरमुसले. "चंद्रीचं नाव न्हाई व्हय त्यात?"

"संस्थापकाची सही लागते, आबा."

"आंगठा चालतो म्हनं!"

मी चष्म्यावरून पाहिले. विषय संपला.

* * *

नोंदणीने नेमके काय होते, हे मी सभेत समजावून सांगितले. "संस्था ही कायद्याने व्यक्ती होते. तिच्या नावावर जागा घेता येते, ती कोर्टात जाऊ शकते. सभासद येतील, जातील. संस्था मात्र राहते. आणि तिचे नियम सर्वांवर बंधनकारक असतात."

कौसाबाई किटली हातात धरून ऐकत होत्या. "म्हंजी मरायची न्हाई, हलायची न्हाई, आन् समद्यांवर हुकूम चालवायची?"

"साधारण तसेच."

"मंग सासूच म्हना की!"

* * *

शेवटची सभा महिनाअखेरीला दोन दिवस उरले असताना झाली. निबंधक कार्यालयाचे साहेब स्वतः आले होते. अडचण एकच : आप्पा. पलीकडच्या, केडगावकडच्या तीरावरचे हे मोठे बागायतदार. त्यांच्यामागे पलीकडची सगळी गावे. दोन सभा त्यांची कपबशी पालथी होती.

"टाकी तुमच्या काठाला. आमी कॅन डोक्यावर घिऊन नदी उतरायची व्हय?"

मी आबांकडे पाहिले. आबांनी मान हलवली. ‘दूध संकलन केंद्र दोन्ही तीरांवर असावे’ असे वाक्य मी ठरावात घातले आणि मोठ्याने वाचले. कौसाबाईंनी चहा वाटला. आप्पांची कपबशी पालथीच.

साहेब म्हणाले, "अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर गेला नाही!

साहेबांनी फाइल मिटली. "कोणीच अनुकूल नाही. ठराव नामंजूर."

"आवो सायेब," कौसाबाई ओरडल्या, "हात कुठनं वर करतील? हातात कपबशा हायत! च्या घेतला म्हंजी व्हय म्हनले की समदे!"

"कायद्यात चहाची तरतूद नाही. निदान सूचक आणि अनुमोदक तरी हात वर करा."

आबांनी झटकन हात वर केला. चहा धोतरावर सांडला. अनुमोदक मात्र मिळेना. मोकळे हात सभेत एकाच माणसाचे होते. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. कौसाबाई किटली घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

आप्पांनी सावकाश कपबशी उताणी केली. बशी खाली ठेवली, आणि रिकामा कप उजव्या हाताने उंच, डोक्याच्या वर धरला.

"वत गं, कौसे. साखर हाय ना?"

इतिवृत्तात मी लिहिले : ‘ठराव क्रमांक एक. संस्थेची नोंदणी करावी आणि दूध संकलन केंद्र दोन्ही तीरांवर असावे. सूचक : आबा. अनुमोदक : आप्पा. सर्वानुमते मंजूर. साहेबांनीही चहा घेतला.’