गुणाजीमामांची खडी

गुणाजीमामा खडीवरून अनवाणी चालत. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत गेटपासून जिन्यापर्यंत लाद्या नव्हत्या, बारीक खडी पसरलेली होती. जागा सखल, त्यामुळे पाणी जिरायला तोच उपाय होता. सकाळी मामा त्या खडीवर एक फेरी मारत आणि मध्येच थांबून पायाच्या अंगठ्याने दोन-चार दगड इकडचे तिकडे करत. मी तळमजल्यावर राहतो. पहिल्यांदा हा प्रकार खिडकीतून पाहिला तेव्हा म्हातारा थोडा सटकलेला असावा, असंच मला वाटलं होतं.

ते मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, स्वतः मामा पंचवीसेक वर्षं आमच्याकडे झाडलोट करत आणि पंपाशेजारच्या खोलीत राहत. त्यांचं खरं काम पावसाळ्यात असे. शेजारचा नाला तुंबला की कंपाउंडभर पाणी व्हायचं, आणि ते ओसरलं की खडीवर चार बोटं गाळ बसायचा. तो गाळ काढायचा, पण खडी जागची हलता कामा नये. दगड हलले की खड्डे पडतात, स्कूटर घसरतात, गाडीच्या चाकाखालून दगड उडतात.

त्यासाठी मामांनी स्वतःची युक्ती काढली होती. पाण्याच्या पाइपचा तुकडा उभा चिरून तो फावड्याच्या धारेवर बसवलेला. गोल कडेमुळे फावडं खडीत रुतायचं नाही, वरून सरकायचं. मी हसलो तर म्हणाले, "हसा तुमी. दगडाक कळाक नको, आपण वरसून गेलव ता." गाळाचा तळाचा थर ते मुद्दाम ठेवत. पुढच्या सरीला तो आपोआप खाली जिरे.

माणूस फटकळ होता. गाडी जोरात वळवणाऱ्याला अडवून विचारत, "सायब, गाडी हाकतास की बैल?" त्यात आमचे अध्यक्षही सुटले नव्हते. ते ही गोष्ट विसरले नव्हते, हे आम्हाला नंतर कळलं.

गणपतीला मामा गावी जात, त्यात कधी खंड नाही. मी सेक्रेटरी झालो त्या वर्षी निघताना मला बजावून गेले, "पाणी भरला तर मी येयसर हात लावू नकात. चिखल अर्धो सुकांदे. मगे पापुद्रो सुटता, खडी हलणा नाय." मी मान डोलावली. आणि नेमकं चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे पाणी भरलं, सकाळी ओसरलं.

माझ्या घरी दीड दिवसाचा गणपती. दर्शनाला ऑफिसातले लोक येणार, साहेब सपत्नीक येणार, आणि दारात हा राडा. बायको म्हणाली, "राहू दे रे, मामा सांगून गेलेत ना. फळ्या टाकू." मी ऐकलं नाही. दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मामांचं फावडं घेतलं. पाइपमुळे ते चिखलावरून नुसतं घसरत होतं, म्हणून पाइप काढून टाकला आणि दोन्ही हातांनी दाबून ओढायला लागलो. घमेल्यात चिखल कमी आणि खडी जास्त येत होती. तासाभरात अंगण स्वच्छ दिसायला लागलं आणि खडी सुटी होऊन गेटपर्यंत विखुरली. पाइप मी परत बसवून ठेवला.

मामा गावाहून परतले त्याच सकाळी, पिशवी खोलीत ठेवायच्या आत, गेटपाशी पुढच्या गाडीच्या चाकाखालून दगड उडाला आणि अध्यक्षांच्या नव्याकोऱ्या गाडीची काच तडकली.

संध्याकाळी मीटिंग झाली. अध्यक्ष म्हणाले, "काम अर्धवट टाकून गावी जातो हा माणूस. ते काही नाही, पेव्हर ब्लॉक टाका आणि एजन्सीला काम द्या." मामा दाराशी उभे होते. मी इतिवृत्ताची वही पुढे ओढली. तिच्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'सफाई कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे'. लाज वाटत होती, तरी अक्षर बिघडलं नाही.

काढून टाकायचं, पण रीतसर. सोसायटीच्या सत्यनारायणाला मामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. भाषण मीच केलं. निष्ठा, सेवा, आपुलकी, सगळे शब्द वापरले, टाळ्या पडल्या. मामा शाल चाचपत एवढंच म्हणाले, "शाल बरी हा. पण मी काय आजारी नाय." लोक हसले. मीही हसलो.

ते निघाले तेव्हा मी गेटपर्यंत गेलो. कुणी नव्हतं. मामा म्हणाले, "सायब, फावडां दाबून मारलात. ता दाबूचां नसता."

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"ईलंय तेवाच. पायाक कळता."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

त्यांनी पिशवी खांद्यावर घेतली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "माका आज ना उद्या गावाक जावचांच हा. तुमका हयच रवाचां हा."

दोन वर्षांनी मामा गेल्याचं त्यांच्या पुतण्याने फोनवर कळवलं. आता पेव्हर ब्लॉकवरून पाणी थेट माझ्या हॉलमध्ये येतं. बायको म्हणते, मामांनी तुला माफ केलं होतं. मला तसं वाटत नाही. मी खरं बोलणार नाही हे त्यांनी दाराशी उभं राहून पाहिलं होतं, आणि तेवढ्यावरून माझी किंमत ठरवून ते निघून गेले. इतिवृत्ताची ती वही माझ्याच कपाटात आहे. ते वाक्य मी अजून खोडलेलं नाही, कारण खोडलं तर नियमाने खोडणाऱ्याला खाली सही करावी लागते.