एकोडीला थांबलेली बस

परवा गाडी सुरू करता करता लेकानं विचारलं, "बसले का सगळे?" आणि माझ्या नाकात एकदम डिझेलचा जुना वास भरला.

आमचं घर म्हणजे एक जुनी बस होती. मागे सिनेमाचा तंबू आणि मशीन, पुढे आमची चूल नि अंथरुणं. दिवाळीनंतर भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, तिथं बाबा सिनेमा दाखवायचे. गाव सोडताना आई भांडी बांधायची, माझ्या तान्ह्या भावाची झोळी वरच्या दांडीला आवळायची. बाबा विचारायचे, "बसले का सगळे?" आई एकेकाकडे बघून म्हणायची, "बसले, चाला."

एकोडीच्या मंडईत भाऊ तापानं गेला. तळ्याच्या पाळीखाली त्याला पुरलं. दुसऱ्या सकाळी सिहोऱ्याच्या मंडईला निघायचं होतं. आईनं भांडी बांधली. रिकामी झोळीही नेहमीसारखी दांडीला आवळली. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि सवयीनं विचारलं, "बसले का सगळे?"

"एक राह्यला न," आई म्हणाली.

तेव्हा वाटलं, ती बाबांना टोचून बोलली. आता वाटतं, तिनं रोजच्यासारखं आमच्याकडे पाहिलं होतं आणि जे दिसलं तेवढंच सांगितलं होतं.

बाबांनी इंजिन बंद केलं. उठून बसचं दार उघडलं आणि परत आपल्या जागी येऊन बसले. ऊन पायरीवर येईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसून होतो, त्या उघड्या दाराकडे बघत.