दोनदा छापलेली कविता

आमच्या गावातल्या चिमुकल्या त्रैमासिकाचे अंक आमच्याच जेवणाच्या टेबलावर पाकिटात भरले जातात. परवा पत्ते चिकटवताना बायको थबकली.

"अहो, तुमची ही कविता मागच्या अंकातही होती ना?"

"काहीतरीच!" म्हणत मी मागचा अंक उघडला. तीच कविता, स्वल्पविरामासकट! कवीला स्वतःची कविता आवडते हे जगजाहीर आहे, पण तीच पुन्हा नवी म्हणून द्यावी?

संपादक समोरच डिंक लावत होते. "सर, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की," ते हळुवारपणे म्हणाले. "छान आहे हो कविता."

तो मऊ आवाज मी ओळखला. आमच्या कविमंडळातले म्हातारे भाऊ शेवटी शेवटी दर बैठकीत एकच कविता नवी म्हणून वाचायचे, तेव्हा आम्ही सगळे याच आवाजात "वा, भाऊ!" म्हणायचो. किती प्रेमळ वाटायचो स्वतःला! ते प्रेम आपल्या वाट्याला आलं की अंगावर काटा येतो.

सर गेल्यावर मी हिला विचारलं, "मी आणखी काय काय विसरतो गं?"

"काही नाही हो," ती म्हणाली. "जेवून घ्या."

सव्वीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतक्या मऊ आवाजात कधीच बोलली नव्हती.