देविदासरावांनी खाली घेतलेला आवाज

हा लेख लिहिणे मला भाग पडले आहे. श्री. देविदासराव यांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा समितीत लेखी विरोध नोंदवणारी मी एकटीच होते. माझ्या मुलीची गाणी त्यांनी पुसून टाकली, असे त्या पत्रात लिहिले होते. ते खोटे निघाले. आरोप ज्यांच्यासमोर केला, त्यांच्यासमोरच तो मागे घेतला पाहिजे.

देविदासरावांची ओळख आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात झाली. मी तिथे इतिहास शिकवत असे आणि संमेलनाची व्यवस्था माझ्याकडे होती. मंडपात लाउडस्पीकर लावण्याचा त्यांचा धंदा; आसेगावहून ते तो घेऊन आले होते. आवाज कर्कश म्हणून मी त्यांना दोनदा बोलले. वाद न घालता ते शिडीवर चढले, कर्णा थोडा वळवला आणि उतरले. मागच्या मुलींना शब्द कळू लागले, पुढच्यांचे कान वाचले.

त्यांचा एक नियम जिल्ह्यात अनेकांना ठाऊक आहे. हरिनाम सप्ताहात भजने भरलेली कॅसेट पुन्हा वापरायची झाली, तर तिच्यात ज्यांचा आवाज असेल त्यांच्या घरी ते आधी विचारून येत. मेडशीला एका घरचे आजोबा वारले होते. विचारायला गेलेले देविदासराव कॅसेट तिथेच ठेवून आले आणि स्वतःसाठी नवी घेतली. हे माहीत असूनही मी ते पत्र लिहिले.

माझी मुलगी मुक्ता आणि तिचे तीन मित्र यांचा रॉक बँड होता. गाणी त्यांची स्वतःची, पाठीशी कोणतीही कंपनी नाही. त्यांची सात गाणी देविदासरावांच्या गोदामात रेकॉर्ड झाली. पुढे मुक्ताच्या गळ्याचे ऑपरेशन झाले. ती बरी झाली, पण आवाज जाड झाला. पहिला आवाज त्या सात गाण्यांतच उरला. घरात गाण्याचा विषय आम्ही बंद केला.

दरम्यान बँडमधल्या मुलांनी देविदासरावांना डब ऐकवले. तयार गाण्यातले सगळे आवाज सुटे करायचे, ड्रम आणि बास पुढे आणायचे, गाणाऱ्याला मध्येच काढून एखाद्या शब्दाचा पडसाद घुमत ठेवायचा, असा तो प्रकार. हे तर आपले मंडपातलेच काम आहे, असे म्हणून त्यांनी जुने इको मशीन काढले आणि सातही गाणी नव्याने बांधली. पडसाद कुठे हवा, हे मुक्ताच शेजारी बसून सांगत असे. मला याचा पत्ता नव्हता.

या नव्या गाण्यांचा अल्बम निघाला, तो मी मुक्ताला न विचारता परस्पर ऐकला. पहिल्याच गाण्यात मुक्ता एक ओळ गाते आणि नाहीशी होते. मूळ गाण्यावरच हे भरले, तिचा आवाज गेला, अशी माझी खात्री झाली. कॅसेटच्या काळातल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही.

समितीला पत्र देऊन मी तडक आसेगावची बस धरली. देविदासराव वायरी गुंडाळत बसले होते. मूळ आवाज कुठे आहे, असे मी विचारले.

"कालेजात तुमी मले आवाज कमी कर म्हनत होत्या," ते म्हणाले. "आता कमी केला तं भांडून राह्यल्या."

मी हसले नाही. तेव्हा ते उठले.

"म्याडम, पुसला नाई. फक्त खाली घेतला."

त्यांनी मशीनवरची एक पट्टी वर सरकवली, बाकीच्या खाली केल्या. मुक्ताने गाण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. मग ती गाऊ लागली. ते पूर्ण गाणे मी उभ्यानेच ऐकले. देविदासरावांनी पाण्याचा पेला भरून जवळ ठेवला आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

सातव्या गाण्यात मुक्ताचा आजचा आवाजही आहे. ती आधी नाहीच म्हणत होती. "जाड झाला तं काय झालं, बासच्या बाजूले बसते," एवढेच देविदासराव तिला म्हणाले. ऑपरेशननंतर ती प्रथमच माइकसमोर उभी राहिली. माझ्या समजावण्याने ते झाले नव्हते.

देविदासरावांचे कान आणि गुडघे शाबूत राहोत. शिडीवर आता त्यांनी दुसऱ्यांना चढवावे, आणि शंभरीपर्यंत खाली उभे राहून त्यांच्या चुका काढाव्यात.

समितीच्या बैठकीत झालेल्या देवघेवीची नोंद: देविदासरावांनी मुक्ताच्या हाती दिली, सातही गाण्यांच्या मूळ सुट्या आवाजांची हार्ड डिस्क एक, तिची नक्कल एक. मी समितीकडून माझे पत्र परत घेतले. मुक्ताने सातही गाणी ऐकून तपासली. आवाज पूर्ण आहे.