शून्याचं एकक

शालिग्राम सर मेहकरला आमच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. गणित कितीही बरोबर असो, उत्तरापुढे एकक लिहायचं राहिलं की ते विचारायचे, "एवढं काय? म्हशी?" सूट फक्त एका उत्तराला होती. "शून्याले एकक नसलं तरी चालते," म्हणायचे.

सरांच्या घरी दूध माझ्या बापाच्या म्हशींचं जायचं. हे वर्गाला ठाऊक होतं, सरांनाही.

विहिरीत सोडलेल्या दगडाचा दोन सेकंदांनंतरचा वेग मी फळ्यावर काढला आणि नुसतं वीस लिहिलं.

"वीस काय, जयमाला? म्हशी? का बापाले विचारून सांगतं?"

वर्ग पोट धरून हसला. दहावी होईस्तोवर मला कोणी नावानं हाक मारली नाही, सगळे 'म्हैस' म्हणायचे. सर ऐकायचे आणि गालात हसायचे.

गेल्या महिन्यात त्यांचा निरोप समारंभ झाला. हार घालून डोळे पुसणारे पुष्कळ होते. सूत्रसंचालकानं माझ्याकडं माइक दिला. "सरांबद्दल किती आदर वाटतो, ते सांगा."

"शून्य," मी म्हटलं.

सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "शून्य काय?"

"शून्याले एकक नसलं तरी चालते, सर."