एका पाण्यात एकच मागणं

माझं माहेर आटपाडीकडचं. तिकडे माणसाला प्यायला पाणी नाही, तर देवाला बुडवायला कुठलं? त्यामुळे देव पाण्यात ठेवणं म्हणजे काय, ते मी लग्न होऊन कृष्णाकाठी आल्यावरच पाहिलं. नवरा पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला, तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक तांब्याच्या घंगाळात, पाण्यात सोडले आणि बजावलं, "थोरला सुखरूप घरला येऊ दे. तवर तुमी बी भायेर न्हाई." देवाला असं अडवून धरलं की तो ऐकतो, हे मला फार पटलं. रोज सकाळी पाणी बदलायचं काम माझं होतं आणि त्या कामात माझा जीव होता.

बेचाळीस साली धाकटा दीर तालुक्याच्या कचेरीवर मोर्चात निघाला. नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. झेंडा माझ्याकडून शिवून घेतला आणि जाताना म्हणाला, "वैनी, भाकरी झाकून ठेव. येतूच दुपारी." दुपारी बैलगाडी आली. कचेरीच्या दारात पोलिसांनी गोळी घातली होती.

गाव देवळात जमून देशासाठी प्रार्थना करायला लागलं. सासूबाई तिकडे फिरकल्या नाहीत. सुतक फिटल्यावर त्यांनी घंगाळापुढे बसकण मारली, टाक बाहेर काढले, मला नवं पाणी ओतायला लावलं आणि देव परत सोडताना म्हणाल्या, "माझ्या लेकरानं ज्याच्यापायी जीव दिला, त्यो देश सुटू दे."

मी विचारलं, "आवं आत्याबाई, आन् ह्यांचं?"

"एका पाण्यात एकच मागणं. दोन मागितली की एक बी पदरात पडत न्हाई."

"मग ह्यांचंच ऱ्हाऊ द्या की! देश सुटला म्हणून गेलेलं मानूस माघारी येनार हाय व्हय?"

बोलून गेले खरी. त्या चिडल्या नाहीत. "थोरला सरकारची बंदूक घेऊन हुबा हाय," त्या म्हणाल्या. "आन् त्येच सरकार बुडू दे, असं मी मागतीया. एकाच तोंडानं दोन्ही कसं मागू, तूच सांग."

मला राग असा आला की घंगाळ उचलून अंगणात फेकावं. देव म्हणजे काय बाजाराला धाडलेलं पोर आहे, दोन जिन्नस सांगितले की एक विसरायला? पण घरात चालायचं त्यांचंच. रोज पाणी बदलताना त्या शेजारी बसायच्या आणि 'देश सुटू दे' हे माझ्याकडूनही म्हणवून घ्यायच्या. मनात दुसरं आणलंस तर धाकट्याचं मरण वाया जाईल, म्हणायच्या. मी मनातसुद्धा नवऱ्यासाठी मागायला भिऊ लागले. देव्हारा रिकामा, दिवा नाही, सणाला नैवेद्य नाही. बायका म्हणायच्या, "सोडवा आता देवाला, पाप लागंल." सासूबाईंचं उत्तर एकच. "लागू दे."

मग तार आली. गावातल्या म्हाताऱ्या सुभेदारांनी वाचून सांगितलं, बेपत्ता. मेला म्हणाले असते तर ऊर बडवून रडले असते. बेपत्ता माणसाच्या बायकोनं कुंकू ठेवायचं की पुसायचं, हे कुणी सांगेना. दुसऱ्या दिवशी पाणी बदलताना मी सासूबाईंचा हात धरला. "आता तरी, आत्याबाई." त्या हमसून हमसून रडल्या. रडता रडता म्हणाल्या, "देश सुटू दे."

लढाई संपली. आसपासच्या गावांतले शिपाई खांद्यावर ट्रंका घेऊन परतले. आमच्या दारात कुणी आलं नाही.

सत्तेचाळीस साली देश सुटला. चावडीवर झेंडा लागला, पोरांना गूळ वाटला. सासूबाईंनी एकेक टाक पदरानं कोरडा केला, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. "सुटला रं बाबा," म्हणून धाकट्यासाठी पोटभर रडल्या. मला वाटलं, संपलं. तर त्यांनी ते टाक पुन्हा उचलून माझ्या ओंजळीत ठेवले आणि स्वतः घागर आणून घंगाळ भरलं.

"आता तू माग," म्हणाल्या. "लय थांबलीस."

मी देव पाण्यात सोडले आणि हात जोडले. ह्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले, तो नीट आठवेना. आणि तोंडातून सवयीनं निघालं, "देश सुटू दे."